गेरूची रेघ

शेगावच्या स्टेशनावर मालगाडीतून एक मशीन उतरवून घ्यायचं आणि बैलगाड्यांवर घालून जळगाव जामोदला आणायचं, एवढंच काम उत्तमरावांनी मला सांगितलं होतं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. लढाई संपल्यावर लष्करानं आपलं सामान लिलावात काढलं, त्यात उत्तमरावांनी ही करवत न बघताच घेतली. लोक न बघता बायको करतात, आमच्या मालकांनी करवत केली, असं मी गाडीवानांना म्हणालो आणि सगळे हसले. तेव्हा मला विनोद सुचायचे.

तुम्ही खामगावला गोल करवतीवर काम केलंय, इंद्रभानभाऊ. हात बसलेला माणूस आहात, ते तुमच्या बोटांवरूनच दिसतं. पण उद्या सकाळी तिच्यापुढं उभं राहण्याआधी तुम्हाला दोन गोष्टी कळायला हव्यात. एक तिच्याबद्दल, एक माझ्याबद्दल. चहा घ्या. मी डाव्या हातानं पितो त्याचं मनावर घेऊ नका. उजव्या हाताला पंचा गुंडाळलाय, त्याचंही सांगतो, पण शेवटी.

खामगावच्या करवतीत पातं जागेवर फिरतं आणि लाकूड आपण त्याच्याकडं ढकलतो. आपल्याला वाटलं तर ढकलायचं, नाही वाटलं तर थांबायचं. हिचं उलटं आहे. लोखंडाचा एक खांब, त्यातून आडवा निघालेला दीड पुरुष लांब दांडा, आणि त्या दांड्याखाली चाकांवर लोंबणारी मोटर. तिला लग्नघरच्या परातीएवढं पातं. लाकूड मेजावर गप्प पडून राहतं आणि करवत दांड्यावरून त्याच्याकडं येते. म्हणजे आपल्याकडं येते, कारण लाकडाच्या अलीकडं मूठ धरून आपण उभे असतो. मूठ आपल्याकडं ओढायची. पण सागाच्या गाभ्यात दात रुतले की ती स्वतःच चढत येते. ओढायचं काम थोडं, आवरायचं जास्त. काप झाला की तिला मागं खांबापर्यंत ढकलायचं आणि खिट्टी लावायची. खिट्टी लावल्याशिवाय मूठ सोडायची नाही. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण इथं सांगायला दुसरं कुणी नाही.

वखार कशी आहे ते तुम्ही येताना पाहिलंच. गाव मागं राहिलं की दोन कोस पळसाचं रान, आणि पुढं सातपुडा. सकाळी ओंडक्यांच्या गाड्या येतात, माल टाकून उन्हाच्या आत परत जातात. मग दिवसभर मोटरला वीज पुरवणाऱ्या इंजिनाचा ठोका आणि भुशाचा वास. मला मागं-पुढं कुणी नाही, म्हणून उत्तमरावांनी इथंच खोली दिली. लोक म्हणायचे, मिस्त्री, तुम्हाला करमतं कसं? मी म्हणायचो, मोतीराम आहे ना.

मोतीराम डोंगरपायथ्याचा. आधी जंगलात कुऱ्हाड चालवायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगानं सुका, बोलायला मोजका. रेल्वेच्या स्लीपरांचं काम होतं. ओंडक्यावर माप घेऊन रेघ मारायची आणि कापताना लाकडाचं पलीकडचं टोक धरायचं, हे त्याचं काम. रेघ तो गेरूत भिजवलेल्या सुतानं मारायचा. सुताचं एक टोक डाव्या अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं दातात धरायचं, आणि उजव्या हातानं मधोमध उचलून सोडायचं. टप् असा आवाज व्हायचा आणि लाल रेघ उमटायची, सरळ, कुठं न तुटता. मग रेघेच्या ज्या बाजूचा तुकडा टाकायचा, त्या बाजूला बोटानं एक फुली. फुलीकडचं टाकाऊ, दुसरीकडचं ठेवायचं. मिशीच्या कडेला गेरू कायम लागलेला. मी चेष्टा करायचो, "मोतीराम, विडा खाऊन आलास का बे?" तो सूत दातात धरूनच हसायचा.

पातं फिरायला लागलं की भुसा सगळा त्याच्या बाजूला उडायचा. डोळे सुजायला लागले तेव्हा आम्ही मध्ये तरटाचा पडदा लावला. त्यानं भुसा अडला, पण मला मोतीराम दिसेनासा झाला. म्हणून आम्ही एक रीत घातली. ओढण्याआधी मी ओरडायचो, "वढू?" आणि पडद्यामागून तो म्हणायचा, "वढ, बापू." त्याचं उत्तर आल्याशिवाय मूठ हलवायची नाही. दिवसातून शंभर वेळा. नंतर नंतर ते श्वास घेण्यासारखं झालं. रात्री झोपेतसुद्धा मी "वढू?" म्हणतो, असं मोतीराम सांगायचा. काम लांबलं की तो कधीमधी इथंच झोपायचा.

दुपारी त्याची बायको झुंबरबाई भाकरी घेऊन यायची. तिघांपुरती आणायची. माझ्या वाटणीला ठेचा जास्त असायचा, कारण मी एकदा तिच्या ठेच्याचं कौतुक केलं होतं. त्या दोघांना पोर नव्हतं. तिघं पळसाखाली बसून जेवायचो. आयुष्यात मला घर असं कधी लाभलं असेल, तर ते त्या चार महिन्यांत.

होळी होऊन पाच दिवस झाले होते. त्या दिवशी झुंबरबाई भाकरी घेऊन आली नाही. सकाळी दोघांची बोलाचाली झाली होती. तिच्या बहिणीचं लग्न डोणगावला होतं, तिला आठ दिवस आधी जायचं होतं, आणि हा म्हणाला की मला सवड नाही. एवढंच. नवरा-बायकोत होतं तेवढं. मोतीराम सकाळपासून गप्प होता, पण तो तसाही गप्पच असायचा.

बारा वाजत आले होते. भूक लागली होती, डबा येणार नव्हता, आणि शेवटचा ओंडका मेजावर होता. मी ओरडलो, "वढू?"

उत्तर आलं नाही.

मी किती थांबलो ते सांगू? एक श्वास. तोही पुरा नाही. मनात आलं, हा तर नेहमीच वढ म्हणतो, आत्ताही म्हणणारच. आणि मी मूठ ओढली.

लाकडातून पातं जाताना जो आवाज येतो तो मध्येच थोडा मऊ झाला. तेवढंच. मग इंजिनाचा ठोका. मी पडदा वर केला.

तो खाली बसला होता, खांबाला टेकून. उजवा हात मनगटापासून... ते राहू द्या. त्याची रेघ चुकली होती, म्हणून तो ती दुसऱ्यांदा मारत होता. सुताचं एक टोक ओंडक्यावर होतं आणि दुसरं त्याच्या दातात. तोंड बंद होतं, इंद्रभानभाऊ. त्याला बोलताच येत नव्हतं. आणि त्याला घाईही नव्हती, कारण उत्तर दिल्याशिवाय मिस्त्री ओढणार नाही, हा त्याला भरवसा होता.

मी त्याच्या दातांतून ते सूत काढलं. दात घट्ट बसले होते, जोर लावावा लागला. सूत मी खिशात घातलं. का घातलं, तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता सांगता येतं.

गाडी जुंपून त्याला जळगावच्या दवाखान्याकडं नेलं. वाटेतच गेला. जाईपर्यंत माझ्याकडं बघत होता. संध्याकाळी उत्तमराव आले, पोलीस पाटील आले. त्यांनी विचारलं, "शालिग्राम, इचारलं व्हतं ना तू?"

"इचारलं व्हतं."

"मंग?"

"'वढ' म्हणाला."

सगळ्यांनी मान हलवली. मोतीराम उत्तर द्यायला कधी चुकला नव्हता, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मी एका शब्दात सुटलो.

पण तो शब्द तिथं थांबला नाही. गावात लोक म्हणायला लागले, हात पात्याखाली ठेवून 'वढ' म्हणतो म्हणजे काय? शहाणा माणूस होता, चुकेल कसा? सकाळी बायकोशी भांडून आला होता म्हणे. आणि मग ते जिकडंतिकडं झालं की मोतीरामनं जीव दिला, आणि बायकोच्या तोंडापायी दिला.

तेरवी झाल्यावर झुंबरबाई भुसा न्यायला वखारीत यायला लागली. चुलीला लागतो म्हणून टोपलं घेऊन यायची, भरायची आणि तशीच उभी राहायची.

"मिस्त्रीभाऊ, एक इचारू?"

"इचारा."

"त्यायनं खरंच 'वढ' म्हटलं व्हतं?"

"हाव."

"कसं म्हटलं? रागानं म्हटलं का?"

"नाही. नेहमीसारखं."

ती मान खाली घालून निघून जायची. तीन-चार दिवसांनी परत यायची आणि हेच विचारायची. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. एकदा म्हणाली, "डोणगावाले गेली नसती तरी चाललं असतं, भाऊ. मीच लय बोलली." एक शब्द बोललो असतो तर त्या बाईच्या उरावरची धोंड उतरली असती. सूत माझ्या ट्रंकेत होतं, तिच्यापासून वीस पावलांवर. मी बोललो नाही. मला लाज वाटते हे सांगताना, पण मला नोकरी जाईल याची भीती नव्हती, तुरुंगाचीही तेवढी नव्हती. तिनं माझ्याकडं बघायचं बंद केलं तर मला जगात कुणीच राहणार नाही, ही भीती होती.

दुसरा माणूस त्या पडद्यामागं उभा राहायला तयार होईना. उत्तमराव म्हणाले, "बंद ठेवू नोको. लहान लहान माल एकट्यानंच काढ." म्हणून मी एकटाच काढायला लागलो. सवय जात नाही. प्रत्येक कापाआधी तोंडातून जायचंच, "वढू?" मग आठवायचं. मग गुमान ओढायचो.

तिसऱ्या दिवशी, बाराच्या सुमाराला, मी विचारलं आणि पडद्यामागून आलं, "वढ, बापू."

मी खिट्टी लावली, इंजिन बंद केलं, पडदा वर केला. कुणी नव्हतं. ऊन तट्ट्यांतून आत आलं होतं, त्यात भुसा तरंगत होता. गेरूचा ओला वास येत होता, पहिल्यांदा भिजवलेल्या मातीचा येतो तसा. गेरूची वाटी तर दोन आठवडे कोरडी पडली होती.

तुम्हाला वाटेल मी पळालो असेन. नाही पळालो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कुणीतरी बोललं होतं. आणि जे बोललं होतं, ते तेच होतं जे मी सगळ्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, मोतीराम माझी बाजू घेतोय. त्यानं मला सांभाळून घेतलं. पुढं महिनाभर आम्ही दोघांनी काम केलं. मी विचारायचो, तो म्हणायचा. माल असा सरळ निघायचा की उत्तमराव खूश. दुपारी मी पळसाखाली दोन पानं मांडायला लागलो होतो, इतका मी एकटा होतो.

मग वैशाखातली आखाजी आली. गेलेल्या माणसाची पहिली आखाजी घरात कुणी चुकवत नाही. आंब्याचा रस, पोळ्या, कुरड्या करायच्या, पाण्याची घागर भरायची, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं. तो जेवला म्हणजे आपलं माणूस जेवलं. झुंबरबाई आदल्या दिवशी आली.

"मिस्त्रीभाऊ, उद्या पितर म्हणून तुमी बसा. त्यायच्या ताटात तुमीच जेवलेले. दुसरं कोणाले बलावू?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं.

तिचं घर म्हणजे एक खोली आणि पडवी. सारवून रांगोळी काढली होती. तिनं माझ्या पायावर पाणी घातलं, कपाळाला गंध लावलं, आणि पाटावर बसवलं. पुढं ताट. मग ती समोर बसली, पदर सावरला, आणि माझ्याकडं न बघता, ताटाकडं बघत बोलायला लागली. माझ्याशी नाही. त्याच्याशी.

"जेवा. रस गोड हाय. तुमाले आवडते तसा." तिनं रसाची वाटी पुढं सरकवली. "एकच इचारायचं हाय. मंग नाही इचारणार. तुमी 'वढ' म्हटलं का? माह्यावर रागावून म्हटलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडायला गेलो. मी काय बोलणार होतो, मला माहीत नाही. कदाचित खरं बोललो असतो. तेवढ्यात दात एकमेकांवर बसले. जबडा उघडेना. जिभेला काहीतरी लागत होतं, बारीक, पिळाचं, ओलं. तोंडात मातीची चव भरली.

"बोला ना," ती हळूच म्हणाली. "बोलत काऊन नाही?"

मी ताटावर हात ठेवून बसून होतो. ती थांबली. किती थांबली ती बाई... बाहेर ऊन भिंतीवरून उतरून उंबऱ्यापर्यंत आलं, तरी ती थांबलेलीच होती. मग तिची नजर माझ्या तोंडावर गेली. ओठाच्या कडेनं काहीतरी ओघळलं होतं, हनुवटीवर. तिनं पदराच्या टोकानं ते पुसलं आणि टोक उजेडात धरलं. लाल होतं. रक्ताचं नाही. चार महिने नवऱ्याच्या सदऱ्यावरून जे डाग तिनं धुतले होते, ते ती ओळखणार नाही का?

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही. धोंड उतरायला लागली होती, एवढं दिसलं. माझे दात त्याच क्षणी मोकळे झाले. मग तिनं मला मिस्त्रीभाऊ म्हणून हाक मारली, म्हणजे आता ती माझ्याशी बोलत होती.

"मिस्त्रीभाऊ, सूत व्हतं का त्यायच्या तोंडात?"

तिनं मला वाट करून दिली होती. दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं, आणि तोंड माझं होतं, कुणी धरलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही. 'वढ' म्हणाला."

ती उठली, ताट उचललं, आणि रस, पोळ्या सगळं बाहेर गाईला घातलं. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून डोणगावला भावाकडं निघून गेली. जाताना वखारीवरूनच गेली. आत आली नाही.

तेव्हापासून पडद्यामागचं उत्तर बंद झालं. मी विचारून पाहिलं, पुष्कळदा. वाटलं, आता मी खरा एकटा झालो. पण चौथ्या दिवशी, बारा वाजता, इंजिन बंद असताना, पलीकडून आवाज आला. "वढू?"

मोतीरामचा नव्हता. माझा होता.

स्वतःचा आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही, भाऊ. मला तो ओळखायला थोडा वेळ लागला. घाईतला होता, भुकेजलेल्या माणसाचा. मी ओरडलो, "थांब!" आणि सगळं शांत झालं. दुसऱ्या दिवशी परत, त्याच वेळी. मी इंजिनाला हात लावायचा सोडला. उत्तमरावांना सांगितलं, हात दुखतो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं त्यांनी. मधे शेगावला जाऊन चार दिवस राहिलो, म्हटलं माणसांच्या गर्दीत सुटका होईल. तिथं दुपारी बाजारात भाजीवालीपाशी उभा होतो, पाठीमागून कानाशी, "वढू?" मी एवढ्या मोठ्यानं "थांब" ओरडलो की भाजीवाली तराजू टाकून मागं सरली. परत आलो. निदान इथं ओरडायला लाज नाही.

तुम्ही मघापासून काहीतरी विचारायला बघताय. विचारा.

"मिस्त्री, मंग त्या बाईले खरं सांगून काऊन नाही टाकत?"

बरोबर विचारलंत. उत्तर एवढंच की मी भित्रा आहे. रोज वाटायचं, उद्या सांगू. तो पडद्यामागचा तर थांबतो ना. मी 'थांब' म्हटलं की थांबतो, माझ्यापेक्षा भला आहे. माझ्याजवळ शब्द होता तोवर मला घाई नव्हती.

आज दुपारी त्यानं विचारलं. मी या बाजेवर बसलो होतो, जिथं तुम्ही आता बसलात. 'थांब' म्हणायला गेलो आणि दात बसले. पाटावर बसले होते तसेच. जिभेवर सूत. दोन्ही हातांनी जबडा ओढला, उघडेना. पुन्हा आवाज आला नाही. तो एक श्वास थांबला. मोजला मी. पुरा नव्हता. मग वखारीतून दांड्यावरची चाकं फिरल्याचा आवाज आला, खांबापासून मेजाच्या टोकापर्यंत, सावकाश नाही, चढत येते तशी. खिट्टी मी स्वतः लावलेली होती.

मग काहीच नाही. दात सुटले. मी थुंकलो, ते लाल होतं. ट्रंक उघडून सूत बघितलं. तीन महिने कोरडं पडलेलं, आज ओलं होतं, चिमटीत धरलं तर गेरू ठिबकत होता. वखारीत गेलो तर करवत जागेवर, खिट्टी लावलेली.

पहाटेच्या गाडीनं मी निघतोय. सूत बरोबर नेतो. तिच्या दारात उभा राहून सांगणार, त्याच्या तोंडात हे होतं, तो काही बोलला नाही, तो तुझ्यावर रागावला नव्हता, मी थांबलो नाही. ती माझं तोंड बघणार नाही. न बघू दे. पण खामगाव, चिखली करत डोणगावला पोचेपर्यंत दिवस कलेल, हे मला कळतं. बारा वाजता मी रस्त्यावर असेन, आणि माझं तोंड उघडेल याचा भरवसा नाही. तुम्ही इथं मशीनपाशी असाल. पडद्यामागून कुणी विचारलं, आवाज माझा असला तरी, माझ्या वतीनं 'थांब' म्हणा. जोरात म्हणा. एवढं कराल ना, भाऊ?

आता पंचा सोडतो. कंदील जरा जवळ आणा.

जखम नाही, घाबरू नका. दुखतही नाही. राखेनं घासून पाहिलं, साबणानं पाहिलं, जात नाही. मनगटाला पुरा वेढा आहे, सरळ, कुठं न तुटता. अशी रेघ या तालुक्यात एकाच माणसाला मारता यायची. आणि ही शेजारी बोटानं काढलेली फुली. फुलीकडचं टाकायचं असतं, दुसरीकडचं ठेवायचं, हे मी तुम्हाला सांगितलंय.

नीट बघा. फुली पंजाकडं नाही. कोपराकडं आहे.